पाया सोपा नसतो

शालेय भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांविषयी एक समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे, की ती तपासून पाहावी असे कोणाला वाटत नाही. पायाभूत संकल्पना सोप्या असतात आणि अवघड काय ते पुढे येते, अकरावी-बारावीत, असे आपण धरून चालतो. बल, उष्णता, अणू हे सातवी-आठवीच्या मुलाला एका तासात सांगता येते. नीट सांगितले, जोडीला प्रयोग दाखवला, रोजच्या जगण्यातले एखादे उदाहरण दिले, की पाया पक्का झाला. लखनौच्या हजरतगंजपासून अलीगंजच्या कपूरथल्यापर्यंत आणि आपल्याकडे लातूरपासून पुण्यापर्यंत शिकवणीवर्गांच्या फलकांवर ‘कन्सेप्ट क्लिअर’ करून देण्याचे जे आश्वासन असते, त्याच्या मुळाशी हीच समजूत आहे. पालक तिच्या भरवशावर पैसे मोजतात आणि शाळा तिच्या भरवशावर वेळापत्रक आखतात.

ही समजूत उथळ आहे. पायाभूत संकल्पना ही त्या शास्त्रातली सर्वांत सोपी गोष्ट नसते, बहुतेक वेळा ती सर्वांत अवघड असते. एकमेकींना चिकटलेल्या दोन गोष्टींमध्ये केलेला भेद, असे तिचे स्वरूप असते. बल आणि वेग, उष्णता आणि तापमान, सुकणे आणि रासायनिक बदल, अणू आणि रेणू यांच्यातले भेद रोजचा अनुभव दाखवत नाही, उलट झाकतो. म्हणून व्याख्या सांगून किंवा प्रयोग दाखवून ते मुलाच्या मनात उतरत नाहीत. मुलाच्या मनात आधीपासून जे उत्तर आहे त्याला बोलते करून, त्याच्याशी झुंजूनच ते उतरतात.

उदाहरणे मी मुद्दाम लखनौची घेतो आहे. मराठी वाचकाला हे शहर नवाबांमुळे, चिकनकामामुळे आणि पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्यामुळे माहीत असते. पण वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या चार प्रयोगशाळा या एका शहरात आहेत, अलीगंजात आंचलिक विज्ञान नगरी आहे, आणि जुन्या इमारती तर पावलोपावली आहेत. ‘विज्ञान तुमच्या अवतीभवतीच आहे’ हे वाक्य अशा शहरात अगदी सहज तोंडी येते. ते किती अपुरे आहे हेही इथेच चांगले दिसते.

१. अनुभव आधीच शिकवून बसलेला असतो

विज्ञानाच्या पहिल्या तासाला येणारे मूल कोरे नसते. बारा वर्षे ते जगात वावरलेले असते आणि त्याने स्वतःचे भौतिकशास्त्र रचलेले असते. पायडल मारणे थांबवले की सायकलरिक्षा थोड्या वेळाने थांबते. ढकललेली हातगाडी हात काढला की थांबते. यावरून मूल जो नियम काढते तो असा: गती टिकवायची तर बल सतत लावावे लागते. हा नियम मूर्खपणाचा नाही. ॲरिस्टॉटलचे म्हणणे साधारण हेच होते आणि पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे भल्या भल्या विद्वानांना ते पटत राहिले. ते मोडायला गॅलिलिओ लागला, आणि १६८७ मध्ये न्यूटनने त्याच्या जागी आलेला विचार नियमाच्या रूपात बांधला.

आता आपण काय करतो? ‘बाह्य असंतुलित बल कार्यरत नसेल तर वस्तू आपली स्थिर अथवा एकसमान गतीची अवस्था कायम राखते’ हे वाक्य फळ्यावर लिहितो. मूल ते पाठ करते, परीक्षेत बिनचूक लिहिते. त्याच मुलाला विचारा: लखनौ मेट्रोने ब्रेक लावला तेव्हा उभे असलेले प्रवासी पुढे का झुकले? ‘त्यांना पुढे ढकलले गेले’ असे उत्तर येण्याची शक्यता फार मोठी आहे. कोणी ढकलले, हे मात्र सांगता येत नाही. खरे पाहता पुढे ढकलणारे बल तिथे नसतेच. डबा मंदावतो, पायांना घर्षण मागे धरते, आणि धड आपल्या आधीच्या वेगाने जात राहते. म्हणजे नियम तोंडपाठ असून मुलाच्या मनातला जुना नियम जागच्या जागी आहे. दोन्ही शेजारी शेजारी राहतात. एक परीक्षेसाठी, एक जगण्यासाठी.

ही फक्त आपल्या मुलांची गत नाही. अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवर एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड नाही. साधे प्रसंग आहेत, आणि पर्यायांमध्ये मुलांच्या नेहमीच्या चुकीच्या कल्पना पेरलेल्या आहेत. सूत्रे वापरून कठीण गणिते सोडवणारे विद्यार्थी या साध्या प्रश्नांवर अडखळले. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर यांनी अशी चाचणी दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे द्यायची की मला वाटते त्याप्रमाणे. या प्रश्नापेक्षा प्रामाणिक प्रश्न विज्ञानाच्या वर्गात क्वचितच विचारला गेला असेल, आणि आपल्या वर्गांत तो विचारण्याची सोयच नाही.

२. हाताला कळते ते तापमान नव्हे

लखनौच्या जानेवारीत सकाळी लोखंडी फाटकाला हात लावला तर चटका बसावा इतके गार लागते. शेजारचे लाकडी दार तेवढे गार लागत नाही. रात्रभर दोन्ही त्याच हवेत होती, म्हणून दोघांचे तापमान जवळजवळ सारखेच आहे. लोखंड हातातली उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि लाकूड सावकाश, एवढाच फरक. हाताला उष्णता जाण्याचा वेग कळतो, तापमान कळत नाही.

याहून चमत्कारिक उदाहरण लखनौच्या शेजारीच आहे. बाराबंकी जिल्हा मेंथा तेलासाठी, म्हणजे पुदिन्याच्या एका जातीपासून काढलेल्या तेलासाठी ओळखला जातो, आणि ती लागवड शेतकऱ्यांपर्यंत नेण्यात लखनौच्या ‘सीमॅप’ या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संस्थेचा मोठा हात आहे. त्या तेलातला मेंथॉल कपाळावर लावला की गारवा वाटतो. थर्मामीटरने पाहा, तो गारवा त्याला दिसणार नाही. मेंथॉल त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींनाच उत्तेजित करतो. त्वचा गार होत नाही, मेंदूला गार झाल्याचा निरोप जातो.

स्पर्श, तापमान आणि उष्णता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. थर्मामीटर हाती आल्यानंतरही उष्णता आणि तापमान वेगळे करायला वेळ लागला. १७६० च्या सुमारास जोसेफ ब्लॅक यांनी दाखवले की वितळणारा बर्फ उष्णता घेत राहतो आणि तरी त्याचे तापमान शून्य अंशांवरून हलत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी लागतात आणि थर्मामीटर एवढ्या वेळात जागचा हलत नाही. त्यानंतरही, १७८९ मध्ये लावाझिएने मूलद्रव्यांची यादी केली तेव्हा तिच्यात उष्णतेला एक पदार्थ म्हणून स्थान दिले. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक जिथे अडखळला तिथे सातवीतली मुलगी अडखळली तर ती ‘कच्ची’ कशी? आणि ती अडखळलीच नाही, पहिल्याच वेळी तिने बरोबर व्याख्या म्हणून दाखवली, तर मला अधिक काळजी वाटेल.

३. चुना सुकत नाही

रसायनशास्त्रातला सर्वांत पायाभूत भेद भौतिक बदल आणि रासायनिक बदल हा आहे. बर्फाचे पाणी होणे हा भौतिक बदल, कागद जळणे हा रासायनिक. मुलांना ही यादी पाठ असते. यादीत नसलेले उदाहरण समोर आले की काय होते, ते पाहायला बड्या इमामबाड्याइतकी चांगली जागा नाही.

१७८४ मध्ये दुष्काळ पडला असताना नवाब असफुद्दौलाने लोकांना काम मिळावे म्हणून हा इमामबाडा बांधायला घेतला. मधला दिवाणखाना सुमारे ५० मीटर लांब आणि १६ मीटर रुंद आहे. एवढ्या छताला तुळई नाही आणि मधे खांबही नाही. लहान, पातळ लखौरी विटा, आणि त्यांना बांधून ठेवणारा चुना व विटांची भुकटी, म्हणजे सुरखी. मुलांना विचारा की हा चुना घट्ट कसा झाला. जवळजवळ सगळी म्हणतील, सुकला म्हणून. मोठ्यांना विचारा, तेही हेच म्हणतील.

हे उत्तर चूक आहे आणि ते चूक आहे हे कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय सिद्ध करता येते. एक: मातीचा गिलावा खरोखर फक्त सुकतो, म्हणून पावसात तो पुन्हा विरघळून वाहून जातो. चुन्याच्या या भिंतींनी दोनशेहून अधिक पावसाळे काढले आहेत. दोन: भिजवलेला चुना गवंडी पाण्याखाली महिनोन्‌महिने ठेवतात, हवा लागू देत नाहीत, आणि तो मऊच राहतो. तीन, आणि हे सर्वांत बोलके: ताज्या गिलाव्यावर गवंडी पाणी मारतो. सुकल्याने घट्ट होत असते तर त्याला भरभर सुकू दिले असते. तो तर त्याला ओला ठेवायला धडपडतो!

घडते ते असे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत सुमारे ९०० अंशांना ती भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ४४ ग्रॅम वायू जातो आणि ५६ ग्रॅम चुना राहतो. या ५६ ग्रॅमवर पाणी टाकले की तो फसफसतो, तापतो आणि १८ ग्रॅम पाणी आपल्यात सामावून घेऊन ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. भिंतीवर लागल्यावर हा चुना हवेतला ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड परत घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडून देतो, आणि पुन्हा १०० ग्रॅम चुनखडी तयार होते. वायू ओलाव्यात विरघळून आत जातो, म्हणून ओलावा हवा. जाड भिंतीच्या पोटात हे काम वर्षानुवर्षे चालते. सुरखीतल्या सिलिकाशी चुन्याची आणखी एक अभिक्रिया होते आणि बंध अधिक पक्का होतो. दगड भाजला, फोडला, कालवला, आणि भिंतीवर त्याचा पुन्हा दगड झाला.

आता वर्गात विचारण्याचा खरा प्रश्न तयार होतो: ७४ ग्रॅम कोरडा विरलेला चुना उघड्यावर ठेवला तर काही महिन्यांनी तो हलका होईल की जड? ज्याच्या मनात ‘सुकणे’ आहे तो म्हणेल हलका, फार तर तेवढाच. ज्याला भेद कळला आहे तो म्हणेल जड. पुरेसा ओलावा आणि वेळ मिळाला तर १०० ग्रॅमपर्यंत. एका तराजूवर दोन विचारांचा निकाल लागतो. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम, अभिक्रियेचे समीकरण, वायूलाही वस्तुमान असते ही गोष्ट, सगळे या एका प्रश्नात येऊन बसते.

विरोधाभास असा की हे सगळे पुस्तकात आहे. दहावीच्या एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात भिंतीला चुना दिल्याचे उदाहरण आहे. दोन-तीन दिवसांनी भिंतीवर कॅल्शियम कार्बोनेटचा पातळ थर तयार होतो, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. उत्तर प्रदेश बोर्डाच्या शाळांत २०१८ पासून एनसीईआरटीची पुस्तके आहेत. म्हणजे इमामबाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या शाळेत हे समीकरण दरवर्षी शिकवले जाते. ते परीक्षेत एक गुण मिळवून देते आणि भिंत तशीच राहते, सुकलेली.

४. अणू नावाचा वाटाणा

सातवी-आठवीतच मुलांना अणू सांगितला जातो, कारण तो ‘पायाभूत’ आहे. मुले त्याचा वाटाणा करतात. तांब्याचा अणू लालसर, पाण्याचा रेणू ओला, गरम लोखंडाचा अणू फुगलेला. लोखंड तापल्यावर प्रसरण पावते याचे कारण विचारले तर ‘अणू मोठे होतात’ हे उत्तर जगभरच्या वर्गांत मिळते. रंग, ओलेपणा, तापमान, वितळणे हे असंख्य कणांच्या समुदायाचे गुण आहेत, एकट्या कणाचे नाहीत, हा भेद व्याख्येत कुठेच येत नाही. आणि तो आला नाही तर अणू हा शब्द माहीत असण्याचा उपयोग शून्य.

अणू आणि रेणू यांतला भेद रसायनशास्त्रज्ञांनाच किती काळ जमला नाही, हे शिक्षकांनी नेहमी ध्यानात ठेवावे. ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये तो मांडला. हायड्रोजनचा सुटा कण दोन अणूंचा असतो हे मान्य करायला बहुतेकांची तयारी नव्हती. १८५८ मध्ये कॅनिझारोने तो विचार पुन्हा उचलला आणि १८६० च्या कार्ल्सरूहच्या परिषदेनंतर तो हळूहळू मान्य झाला. पन्नास वर्षे! आपण त्याला एक तास देतो आणि पुढच्या तासाला ‘रेणुसूत्रे लिहा’ म्हणतो.

५. प्रयोग स्वतःहून बोलत नाही

पाठांतराला विरोध करणारे चांगले लोक म्हणतात: मुलांना प्रयोग दाखवा, करू द्या, सगळे आपोआप कळेल. मी त्यांच्या बाजूचा आहे, पण ‘आपोआप’ या शब्दाशी माझे भांडण आहे.

इमामबाड्यात वाटाड्या गॅलरीच्या एका टोकाला काडी ओढतो आणि दुसऱ्या टोकाला तिचा आवाज ऐकू येतो. हजारो शाळकरी मुलांनी तो ऐकला आहे. ती चकित होतात, टाळ्या वाजवतात आणि बाहेर पडतात. चकित होण्यातून ध्वनीच्या परावर्तनाबद्दल काहीही कळत नाही, कारण कोणी आधी काही अपेक्षाच केलेली नसते. विज्ञान केंद्रांतल्या सुंदर मांडण्यांचेही तेच होते. बटण दाबले, दिवा लागला, पुढे चला. निरीक्षणाला अर्थ येतो तो एखाद्या अंदाजाच्या विरोधात किंवा बाजूने.

शेजारच्याच हुसेनाबादच्या घंटाघराचे पाहा. १८८१ सालचा हा मनोरा ६७ मीटर उंच आहे आणि घड्याळाचा लंबक सुमारे १४ फूट लांब. नुसता पाहिला तर तो एक मोठा लंबक आहे. आता आधी विचारा: लंबकाचा गोळा दुप्पट जड केला तर तो भरभर हलेल की सावकाश? वर्गात तट पडतील. शाळेतला एक मीटरचा दोरा घ्या, एकदा लहान दगड बांधा, एकदा मोठा. दोन्ही वेळा एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. वजनाने काही फरक पडत नाही! मग विचारा: घंटाघराचा लंबक चौपटीहून थोडा लांब आहे, त्याला किती वेळ लागेल? चौपट वेळ नाही, दुप्पट, म्हणजे चार सेकंदांहून किंचित अधिक. पुढे विचारा: लोखंडी दांड्याचा साधा लंबक असेल तर लखनौच्या ५ अंशांच्या पहाटेच्या मानाने ४५ अंशांच्या मे महिन्यात घड्याळ पुढे जाईल की मागे पडेल? दांडा वाढतो, आंदोलन लांबते, घड्याळ मागे पडते. चाळीस अंशांच्या फरकाला दिवसाकाठी सुमारे वीस सेकंद. आणि शेवटी: तेच घड्याळ विषुववृत्ताजवळ नेले तर? १६७२ मध्ये झाँ रिशे यांनी पॅरिसचे लंबकाचे घड्याळ दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला नेले, तेव्हा ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. वस्तुमान तेच, पण पृथ्वीची ओढ जागेप्रमाणे बदलते, हा वस्तुमान आणि वजन यांतला भेद तिथून कळू लागला. एक लंबक, चार प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाआधी मुलाचे स्वतःचे उत्तर. हीच माझ्या मते प्रयोगाची किमान अट.

साधनाशिवायही हे होते. भातखंडे यांनी ज्याची पायाभरणी केली ते मॅरिस कॉलेज १९२६ मध्ये लखनौत सुरू झाले. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. तिथल्या सभागृहात मागच्या रांगेत बसणाऱ्या मुलाला विचारा: उंच स्वर भरभर येतात का? उच्च वारंवारतेचा ध्वनी अधिक वेगाने जातो असे अनेकांना वाटते. तसे असते तर मागच्या रांगेत तार षड्ज आधी आणि मंद्र पंचम नंतर पोहोचला असता, तान विस्कटली असती. ती विस्कटत नाही. हा अनुभव प्रत्येकाकडे होताच. प्रश्न नव्हता म्हणून तो मुका होता.

६. आक्षेप

या विचारावर येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतला एक तरी वजनदार आहे.

‘वेळ कुठे आहे?’ असे पहिल्याने विचारले जाते. वेळ लागतो हे खरेच. पण आज जो वेळ वाचतो असे वाटते, तो पुढे दामदुप्पट जातो. बल न कळलेल्या मुलाला अकरावीत सगळे पहिल्यापासून शिकवावे लागते, आणि त्यासाठीच शिकवणीवर्गांना पैसे द्यावे लागतात. शिवाय वेळ काढण्याचे काम विचारपूर्वक करायचे असते. २०२२-२३ च्या कपातीत एनसीईआरटीने दहावीतून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण काढले. अकरावीत ते आहे, पण विज्ञान न घेणाऱ्या मुलापर्यंत ते पोहोचणारच नाही. ओझे कमी करताना सुटी माहिती आधी काढायची असते. सुट्या माहितीला एकत्र बांधणारी चौकट काढली तर उरलेले अधिक जड होते. महाराष्ट्राच्या दहावीच्या पुस्तकात हे प्रकरण आहे, हे इथे समाधानाने नोंदवतो.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे. आधी सूत्र पाठ करू द्या, हाताला वळण लागू द्या, समज नंतर येते, पाढे असेच शिकलो ना? यात तथ्य आहे. कितीतरी गोष्टी वापरता वापरताच कळतात, आणि सूत्राचा सराव नसेल तर समजही हवेत राहते. सरावाला माझा विरोध नाही. पण पाढ्यांच्या आधी मुलाच्या मनात बे दुणे पाचचा स्वतःचा पाढा तयार नसतो. बल, उष्णता, पदार्थ यांचा तसा पाढा असतो, आणि तो रोज वापरात असतो. कोऱ्या जागी पाठांतर पुढे समजेला वाट देते. व्यापलेल्या जागी ते जुन्या समजुतीवर झाकण घालते.

तिसरा: हे फक्त श्रीमंत शाळांना परवडते. याचे उत्तर आपल्या देशातच, सरकारी शाळांतच मिळाले आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ ग्रामीण उच्च प्राथमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी प्रश्न आणि प्रयोग यांवर उभे असलेले विज्ञान शिकवायला सुरुवात केली. पुढे एकलव्य संस्थेने ते काम वाढवले. साधने स्वस्त होती, शिक्षक गावातलेच होते आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायला परवानगी होती. शेकडो शाळांत पसरलेला हा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. पण तोवर तीस वर्षे तो चालला होता. म्हणून गरीब शाळेत हे जमत नाही, हे म्हणणे निराधार आहे.

उरतो परीक्षेचा आक्षेप. तो आक्षेप नाही, ते रोगाचे निदान आहे. ‘व्याख्या लिहा’ला गुण असतील तर व्याख्याच शिकवली जाईल.

७. चुकीच्या उत्तराला जागा

लखनौत एकोणिसाव्या शतकात नवाब नसिरुद्दीन हैदरच्या काळात एक वेधशाळा उभी राहिली. तारेवाली कोठी म्हणतात ती हीच. रिचर्ड विलकॉक्स तिचे प्रमुख होते आणि कमालुद्दीन हैदर इंग्रजी शास्त्रीय पुस्तके उर्दूत आणत होते. १८४९ मध्ये वाजिद अली शाहने ती बंद केली. जवळपास त्याच काळात मुंबईत बाळशास्त्री जांभेकर १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढून त्यात शास्त्रीय विषय मराठीत आणत होते, आणि त्याआधी हरि केशवजींनी जेन मार्सेट यांचे पदार्थविज्ञान आणि रसायन यांवरचे संवाद मराठीत आणले होते. ते भाषांतर होते हे महत्त्वाचे आहेच, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो संवादाचा घाट. मार्सेटबाईंच्या पुस्तकात विद्यार्थिनी शंका काढतात, चुकीचा तर्क करतात आणि शिक्षिका तो तर्क ऐकून घेऊन पुढे जाते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा मायकेल फॅरेडे याच रसायनाच्या पुस्तकावर रसायनशास्त्र शिकला. चुकीचे उत्तर छापलेले पुस्तक! आपल्या आजच्या पाठ्यपुस्तकांतून ते नाहीसे झाले आहे. तिथे फक्त बरोबर वाक्ये असतात, जणू ती कधी कोणी शंका न घेता आकाशातून उतरली.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. शिक्षकांनी प्रत्येक पायाभूत संकल्पनेच्या पहिल्या तासाला व्याख्येआधी एक प्रश्न विचारावा, सर्व मुलांकडून उत्तर आणि कारण वहीत लिहून घ्यावे, चुकीच्या उत्तराला लाल रेघ न मारता ते फळ्यावर मांडावे आणि मगच तराजू, थर्मामीटर किंवा दोरा हाती घ्यावा. पाठ्यपुस्तक मंडळांनी प्रत्येक प्रकरणात मुलांच्या नेहमीच्या चुकीच्या कल्पना छापाव्यात आणि त्या का टिकत नाहीत ते लिहावे. पालकांनी ‘किती गुण पडले’ याबरोबर ‘आज तुझे कोणते उत्तर चुकले आणि का’ हेही विचारावे. आणि उत्तर प्रदेशचे असो वा महाराष्ट्राचे, परीक्षा मंडळांनी दहावीच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा ठेवावा, ज्यात विद्यार्थ्याने आधी अंदाज सांगायचा आणि मग कारण द्यायचे, आणि गुण कारणाला द्यावेत. एवढा एक बदल पुढच्याच वर्षी करता येण्यासारखा आहे, आणि त्याला नवी प्रयोगशाळा लागत नाही.